बारशाची भेट आपल्या हाताने : पहिल्या टाक्याआधी काय ठाऊक असावे

बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला काय न्यावे, हा प्रश्न बहुतेक घरांत आता दुकानातच सुटतो. तरीही आपल्या हाताने काहीतरी शिवून द्यावे, अशी इच्छा बाळगणारी माणसे अवतीभवती पुष्कळ असतात. भाचीसाठी दुपटे शिवू पाहणारी मावशी असते, माळ्यावरचे आजीचे पायमशीन खाली काढून बसलेला तरुण बाप असतो, निवृत्तीनंतर नातवासाठी गोधडी शिवायला घेतलेली शिक्षिका असते. उत्साह असतो, जुन्या साड्याही असतात. अडते ते सुरुवात कोठून करावी, यापाशी. मोबाइलवर शिवणकामाच्या चित्रफितींना तोटा नाही, पण त्यांतील बहुतेक जणी वस्तू दिसेल कशी याभोवतीच फिरतात. लहान मुलासाठी शिवायचे असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. ती वस्तू कितव्या महिन्यात, कोणत्या जागी आणि कोणाच्या नजरेखाली वापरली जाणार, हे आधी ठरवावे, टाका त्यानंतर. असे केले की एक सोयीची गोष्ट ध्यानात येते. बाळाला जे सुखाचे आणि सुरक्षित, तेच बहुधा नवशिक्याला शिवायलाही सोपे असते: सपाट कापड, सरळ शिवण, मऊ सूत, आणि वर लटकणारे वा चमकणारे काही नाही.

आपल्याकडील बाळाच्या वस्त्रांची नावे आठवून पाहावीत. लंगोट, झबले, टोपडे, कुंची, लाळेरे, दुपटे, बाळोते. यांतील निम्म्या वस्तू म्हणजे नुसते चौकोन आणि त्रिकोण आहेत. उरलेल्यांनाही बाहीचा गोल किंवा कॉलरचा कस असे काही कठीण नाही. घराघरांत बायकांनी दुपारच्या वेळी, मापाच्या टेपशिवाय, वितीने आणि बोटांनी मोजून शिवलेली ही वस्त्रे आहेत. नवशिक्याने परदेशी पद्धतीच्या फ्रॉकचा नमुना शोधत बसण्यापेक्षा या यादीतील एक नाव निवडावे, हे बरे.

कापड: नवे, जुने आणि पेटीतले

बाळासाठी सुती कापडच घ्यावे. मलमल, वॉयल, केंब्रिक, पॉपलिन आणि मांजरपाट ही त्यातली सहज मिळणारी नावे. मलमल अंगाला सर्वांत मऊ, पण कात्रीखाली आणि सुईखाली ती सरकते. पॉपलिन त्या मानाने हाताला आज्ञाधारक. पहिल्या वस्तूसाठी पॉपलिन किंवा केंब्रिक, दुसऱ्या-तिसऱ्यासाठी मलमल, असा क्रम ठेवला तर हात खट्टू होत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या कापडदुकानांत 'कॉटन' म्हणून जे हाती ठेवले जाते, ते पूर्ण सुती असतेच असे नाही. संशय असेल तर कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, मोरीत पेटवून पाहावेत. सूत कागदासारखे जळते, जळलेल्या कागदाचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरता येईल अशी राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला टणक मणी धरते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात.

घरी आणलेले नवे सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढावे. सूत आटते, आणि शिवून झाल्यावर आटले तर वरचे कापड व अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आटून वस्तू पिळवटते. धुतल्याने कापडावरची खळही निघून जाते. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर तो बाळाच्या तोंडातही जाणार, कारण सहा महिन्यांच्या मुलाच्या हाती जे येते ते प्रथम तोंडात जाते.

जुनी साडी याहून चांगली. शंभर वेळा धुतलेल्या सुताला जो मऊपणा येतो, तो विकत मिळत नाही, आणि ती आटायची तेवढी आधीच आटलेली असते. साडी उजेडासमोर धरावी, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणावी. जिथे धागे विरळ झाले असतील तो भाग गोधडीच्या मधल्या थरात घालावा, वर घेऊ नये. जरीचा काठ मात्र बाळाच्या अंगाजवळ नको. जरीची तार तुटते आणि बोचते.

जुन्या साडीबाबत एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती आपल्या दमट हवेत घरोघर लागू पडते. पावसाळ्यात बुरशी आणि कसर लागू नये म्हणून पेटीत, कपाटात डांबरगोळ्या टाकण्याची चाल आहे. या गोळ्या अनेकदा नॅफ्थलीनच्या असतात, आणि त्याची वाफ कापडात मुरते. काही मुलांच्या रक्तात 'जी-सिक्स-पी-डी' नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा नवजात बाळाला नॅफ्थलीन मुरलेल्या कपड्यात गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही, हे बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून पेटीतल्या साडीची भेट शिवायची असेल, तर ती वारंवार धुऊन, कित्येक दिवस मोकळ्या उन्हा-वाऱ्यात वाळवावी, आणि एवढे करूनही वास उरला तर ती बाळासाठी वापरूच नये. तिची उशीची खोळ करावी, पिशवी करावी. आजीच्या आठवणीला तेवढीच जागा मिळते. शिवून झालेली भेटही डांबरगोळ्यांच्या सान्निध्यात ठेवू नये.

सुई, दोरा आणि मोजलेल्या टाचण्या

साहित्याची यादी वाढवण्यात अर्थ नाही. फक्त कापडासाठी राखलेली कात्री (तिने कागद कापला की धार गेलीच म्हणून समजा), मापाची टेप, शिंप्याचा खडू, बारीक सुया, बोटात घालायचे अंगुस्तान, सुती किंवा पॉलिस्टर दोऱ्याचे चांगले रीळ. हाताच्या सुयांचा आकडा जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. मशीनच्या सुयांचे नेमके उलटे. मशीनला मलमलीसाठी ११ नंबरची आणि पॉपलिनसाठी १४ नंबरची सुई पुरते. हातशिलाईला दोरा फार लांब घेऊ नये. लांब दोऱ्याने वारंवार ओवावे लागत नाही हे खरे, पण तो गुंततो, झिजतो आणि शेवटी तुटतोच. हाताच्या लांबीएवढा पुरे; मेणाच्या खड्यावरून एकदा ओढून घेतला तर गाठीही कमी पडतात.

टाचण्यांबाबत मात्र पहिल्या दिवसापासून एक शिस्त हवी. किती टाचण्या काढल्या तो आकडा कागदावर लिहावा आणि काम संपल्यावर तेवढ्याच परत डबीत मोजून टाकाव्यात. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत वस्तू कोणाच्या हाती देऊ नये. गोधडीच्या थरांत अडकलेली टाचणी वरून दिसत नाही.

पहिली वस्तू: लाळेरे

सुरुवात लाळेऱ्याने करावी, असे या लेखिकेचे मत आहे. त्याला कापड वीतभर लागते, ते एका बैठकीत पूर्ण होते, त्यात सरळ आणि गोल अशा दोन्ही शिवणींचा सराव होतो, आणि दात येण्याच्या दिवसांत बाळाला अशी आठ-दहा लागतात, त्यामुळे पहिले वाकडे झाले तरी त्याचा उपयोग होतोच.

कागदावर सुमारे नऊ इंचांची थाळी पालथी घालून वर्तुळ आखावे. त्याच्या वरच्या भागात साडेतीन इंचांची वाटी ठेवून गळ्याचा गोल आखावा आणि वरून मध्यभागी छेद द्यावा, म्हणजे मानेमागे एकमेकांवर येणारी दोन टोके तयार होतात. हा झाला नमुना. वरच्या बाजूला पॉपलिन आणि खालच्या बाजूला पाणी शोषणारे टॉवेलचे कापड, असे दोन तुकडे कापताना नमुन्याच्या चहूबाजूंनी अर्धा इंच कापड जास्त सोडावे. शिवणीबाहेर सोडलेल्या या जादा कापडाला आपल्या शिवणकामात 'माया' म्हणतात. शब्द कोणी योजला ठाऊक नाही, पण नेमका आहे. अनुभवी शिंपी पाव इंचाची माया पुरेशी मानतो. नवशिक्याने अर्ध्या इंचाखाली जाऊ नये, कारण टीप इकडेतिकडे झाली तरी कापड हातचे निसटत नाही.

दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींना लावून, उलट बाजू बाहेर ठेवून, कडेने टीप घालावी; खालच्या बाजूला तीन बोटे जागा मोकळी सोडावी. हाताने शिवत असाल तर नुसता धावदोरा पुरत नाही, कारण तो ओढला की शिवण फाकते. इथे उलटी टीप घालावी: सुई एक पाऊल मागे घालून दोन पावले पुढे काढावी, म्हणजे मशीनच्या टिपेसारखी सलग रेघ उमटते. मग गोलाईवरच्या मायेला कात्रीने बारीक खाचा द्याव्यात, पण टिपेपर्यंत जाऊ नये. या खाचा न दिल्यास उलटवल्यानंतर गळ्याला चुण्या पडतात, आणि नवशिक्याला वाटते की आपला हात वाईट. मोकळ्या जागेतून लाळेरे उलटवून, इस्त्री करून, ती जागा दुमडून बंद करावी आणि चहूबाजूंनी कडेलगत आणखी एक टीप मारावी.

मानेमागे नाडी लावू नये; गाठ ओढली की आवळते. टिचबटण उखडले तर तोंडात जाते. वेलक्रोचा लहान चौकोन सर्वांत बरा, कारण लाळेरे कोठे अडकले आणि ओढ बसली तर तो आपोआप सुटतो. आणि भेट देताना सांगून टाकावे की झोपताना लाळेरे काढून ठेवायचे.

दुपट्याविषयी फार सांगण्याजोगे नाही. चौरस मीटरभर मलमल आणि चारही कडांना दुहेरी दुमडपट्टी, एवढेच त्याचे शास्त्र. मात्र कापड धाग्याच्या रेषेत कापलेले असावे. त्यासाठी कडेचा एक धागा ओढून काढावा आणि पडलेल्या रेघेवरून कात्री चालवावी. दुपट्यात बाळाला गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. खुब्याच्या सांध्याला ती अपायकारक ठरू शकते, असे अस्थितज्ज्ञ सांगतात. गुंडाळीत पाय गुडघ्यांत दुमडायला मोकळे राहावेत.

गोधडी

नवशिक्याला घाबरवणारी आणि प्रत्यक्षात सर्वांत क्षमाशील असलेली वस्तू म्हणजे गोधडी. तिला मशीन लागत नाही, माप चुकत नाही, आणि येणारा-जाणारा एकच टाका, धावदोरा. पहिल्या शंभर टाक्यांत लांबी कमीजास्त होते, पुढच्या हजारांत हात आपोआप बसतो, आणि अखेरीस सगळी गोधडी पाहिली की ते पहिले शंभर शोधूनही सापडत नाहीत.

लहान मुलासाठी ३६ इंच रुंद आणि ४५ इंच लांब अशी गोधडी पुरेशी होते. तीन थर घ्यावेत: खाली एक अखंड कापड, मध्ये विरळ झालेली साडी, वर आवडीचे तुकडे जोडलेले कापड किंवा तेही अखंडच. जमीन स्वच्छ झाडून थर एकावर एक पसरावेत, तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढाव्यात आणि लांब-लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर एकत्र धरावेत. हे कच्चे टाके नंतर उसवायचे असतात, म्हणून त्यांना वेगळ्या रंगाचा दोरा घ्यावा. मग कडा आत दुमडून धावदोरा सुरू करावा. अर्ध्या इंचावर एक ओळ धरली, तर या मापाच्या गोधडीत सुमारे ८२ मीटर लांबीची शिलाई होते. आकडा ऐकून दचकायला होते खरे. पण तासाला दोन मीटर धरले तरी काम चाळीस-एक तासांचे आहे. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाच्या सुमारास गोधडी हाती घेतली आणि रोज अर्धा-पाऊण तास दिला, तर ती बारशाला तयार असते.

ओळी कोठून सुरू कराव्यात, याच्या दोन रीती आहेत. एकीत आडव्या सरळ ओळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घालतात. दुसरीत कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन असे आत-आत येत मध्यावर थांबतात. दुसऱ्या रीतीचा अतिशय देखणा आविष्कार आपल्या शेजारीच, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी स्त्रियांच्या हातून होतो. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि पुढे घाटावरच्या जंगलांत निसटून गेले, म्हणजे हे नाते आपल्याला परके नाही. त्यांच्या गोधडीला 'कवंदी' म्हणतात. एका अखंड कापडावर कोपऱ्यापासून चिंध्या मांडत, प्रत्येक चिंधीची कड तिथल्या तिथे आत दुमडत आणि शिवत त्या मध्याकडे येतात. तुकडे आधी जोडून घेण्याची गरज नाही, वेगळा गोट लावण्याचीही नाही. जोडणे आणि शिवणे एकाच वेळी होते. चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे त्रिकोणी 'फुला' बसवतात, आणि ते नसतील तर गोधडी उघडी-बोडकी मानली जाते. हातात मुठीएवढ्या चिंध्या असलेल्या नवशिक्यासाठी याहून सोपी रीत दुसरी दिसत नाही.

आता महत्त्वाचे. ही गोधडी तान्ह्या बाळाच्या अंगावर पांघरण्यासाठी नाही. एक वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणी नसावीत, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसह अनेक वैद्यकीय संस्था सांगतात. बाळाच्या तोंडावर पांघरूण आले तर त्याला ते बाजूला सारता येत नाही. पूर्वीच्या घरांत गोधडीत बाळे वाढली, असे यावर कोणी म्हणेल. वाढली, पण तेव्हा पाळण्याशेजारी सहसा कोणी ना कोणी बसलेले असे. आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाळ झोपले की आई स्वयंपाकघरात आणि बाप फोनवर. तान्हेपणी गोधडीचा खरा उपयोग जमिनीवर आहे. जागे बाळ पालथे पडायला, लोळायला, रांगायला शिकते ते तिच्यावर. म्हणून ती पातळ आणि दाट शिवणीची असावी, फुगीर नको; आणि वरच्या तुकड्यांत रंगांचा व पोताचा फरक जितका जास्त, तितका बाळाच्या बोटांना उद्योग. पांघरायला ती दुसऱ्या वर्षापासून आहेच, आणि पुढे पंधरा वर्षे टिकते.

कुंचीचे बंद

बारशाला कुंची हवीच, असा अनेक घरांत आग्रह असतो. डोक्यावर टोपडे आणि मागे पाठीवर रुळणारा झोळ असे हे वस्त्र खणाचे किंवा रेशमाचे, आतून सुती अस्तर लावून शिवतात आणि हनुवटीखाली बंदांनी बांधतात. शिवायला ते कठीण नाही. डोक्याच्या भागासाठी आयताकृती तुकडा दुमडून मागची शिवण घालायची, मानेपाशी चुण्या घेऊन खाली पाठीचा तुकडा जोडायचा. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो, सहाव्या महिन्यात तो ४३ च्या आसपास जातो, वर्षाच्या अखेरीस ४६ पर्यंत. माप घेताना हे आकडे जवळ असावेत. बारशाच्या दिवशी बरोबर बसणारी कुंची दोन महिन्यांत अपुरी पडते, म्हणून थोडी मोठीच शिवावी.

घरात मतभेद होतो तो बंदांवरून. आजीला लांब, गोंडे लावलेले बंद हवे असतात. बाळाची आई डॉक्टरांचे ऐकून आलेली असते. इथे आईची बाजू बळकट आहे. मुलांच्या कपड्यांच्या गळ्यापाशी किंवा टोपीला असलेल्या दोऱ्या कोठेतरी अडकून गळफास लागल्याच्या दुर्घटनांमुळेच अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये, मुलांच्या जाकिटांच्या टोपीला व गळ्याला नाड्या नकोत, असे मार्गदर्शन काढले. युरोपातही अशी मानके आली. पाळण्याला कडी, खुंटी, दांडी सगळेच असते. मार्ग अवघड नाही. हनुवटीखाली कापडाची रुंद पट्टी आणि वेलक्रो लावावा. गोंडे हवेच असतील तर ते पाठीवरच्या झोळाच्या खालच्या काठाला, घट्ट शिवून बसवावेत. विधी आटोपला, छायाचित्र निघाले, की कुंची उतरवावी. आजीच्या मनातली कुंची तेवढ्या वेळात पुरती मिरवून होते.

झबल्यालाही हाच नियम: पाठीमागे बांधायचे बंद आखूड, आणि आतली शिवण दुहेरी. म्हणजे आधी उलट बाजू एकमेकींना लावून कडेलगत टीप घालायची, माया कापून बारीक करायची, कापड उलटवून पुन्हा टीप घालायची, की कापलेली कड शिवणीच्या आत बंद होते. हा नुसता नीटनेटकेपणा नाही. कपड्याच्या आत सुटलेला धागा तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि बाळ नुसते रडते, कारण कोणाला दिसत नाही. यासाठीच, दिसायला गोड असले तरी, इवले हातमोजे-पायमोजे ही नवशिक्याची पहिली भेट असू नये.

चिमणाळे आणि चिंधीची बाहुली

पाळण्यावर टांगायचे चिमणाळे हा उरलेल्या तुकड्यांचा सर्वांत सुंदर उपयोग. तीन-तीन इंचांचे चौकोन तिरपे दुमडून, एक कड मोकळी ठेवून शिवायचे, उलटवायचे, कापूस भरायचा, कड बंद करायची. चोच आणि पंख रंगीत दोऱ्याने. ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच टांगावे आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागले, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात, उतरवावे.

बाहुली हाताळण्यासाठीच असते, म्हणून तिच्याबाबत अधिक कडक व्हावे लागते. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यातून निघू शकणारा तुकडा केवढा असावा, हे तपासण्यासाठी जगभर ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात; तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे मानतात. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, त्यावरून अंदाज यावा. गुंड्यांचे डोळे, मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू सगळेच या नळीत मावतात. तेव्हा डोळे साखळी टाक्याने किंवा भरतकामाने काढावेत. चेहरा उलट अधिक बोलका होतो. हातपाय जोडण्याच्या शिवणी दोनदा घालाव्यात, आणि तयार बाहुलीचा एकेक अवयव मोठ्या माणसाने पूर्ण जोर लावून ओढून पाहावा. उसवायचेच असेल तर ते आपल्या हातात उसवू दे. केस लोकरीचे लावायचे तर आखूड, किंवा डोक्यावरच शिवून बसवलेले.

मूल चार-पाच वर्षांचे झाले की हे निर्बंध सैल होतात आणि शिवणाऱ्याला मोकळीक मिळते. रंगखडूंची गुंडाळी, शाळेच्या डब्याची पिशवी, मुलीला परकर-पोलके. परकराला खाली दोन-तीन आडव्या दुमडी घालून ठेवण्याची जुनी रीत पुन्हा वापरावी. दरवर्षी एक दुमड उसवली की परकर वाढत्या उंचीला पुरतो. या टप्प्यावर मशीनही शिकायला हवे. पायमशीनवर बसणाऱ्याने पहिले दोन दिवस दोरा ओवूच नये. रेघांच्या वहीचे पान सुईखाली धरून रेघेवरून छिद्रे पाडत जावे, म्हणजे पायाची लय बसते आणि चाक उलटे फिरण्याची खोड मोडते. कापड हाताने ओढायचे नसते, दात्यांना ते पुढे नेऊ द्यायचे असते. ज्यांना पद्धतशीर शिकायचे असेल त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'सुईंग टेक्नॉलॉजी' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. पण नातवंडाच्या दुपट्यासाठी एवढ्याची गरज नाही. गल्लीतल्या शिंप्याकडे दोन संध्याकाळी बसायला मिळाले तरी पुष्कळ शिकता येते.

हात बसला, की ओळखीतून मागणी येऊ लागते, आणि भेटीचे रूपांतर विक्रीत होते. तेव्हा कायदा बदलतो, हे ध्यानात असावे. केंद्र सरकारचा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, आणि १४ वर्षांखालील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर त्यानुसार भारतीय मानक चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. घरच्या बाळाला दिलेली चिंधीची बाहुली या कक्षेत येत नाही; प्रदर्शनात मांडलेली येते.

भेटीवर बाळाचे नाव भरण्याचा मोह अनेकांना होतो. आपल्याकडे नाव बारशालाच कळते, त्यामुळे ते आधी भरून नेण्याची सोय नाही; एक कोपरा रिकामा ठेवावा आणि नंतर सवडीने साखळी टाक्यात भरून द्यावे. भेटीसोबत चिठ्ठी जोडावी: कापड कोणते, कसे धुवायचे, कितव्या महिन्यापासून वापरायचे. त्याच कापडाचा हातभर तुकडा आणि थोडा दोराही त्यात घडी करून ठेवावा. दोन-तीन वर्षांनी गोधडीचा कोपरा झिजेल तेव्हा ठिगळ शोधत फिरावे लागणार नाही.